गळती थांबली

आकडा वाढला नव्हता. मशीन बंद तर नाही ना, म्हणून अजिंक्यने पडद्यावर टिचकी मारली. मशीन चालू होती. मेमरीचा आकडा तळाशी निवांत बसला होता.

"थांबली गळती," तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला. समोर रत्नागिरीच्या ऑफिसात समीक्षा होती. ती टेस्टिंग बघायची, त्यामुळे ती हसली नाही.

त्यांची कंपनी दवाखान्यातल्या मॉनिटरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवायची. पेशंटच्या उशाशी ठोके दाखवत असतो, तो मॉनिटर. प्रत्येक ठोक्याची नोंद डिस्कवर जायची. ती लिहिणारा कोड, म्हणजे स्टोरेज ड्रायव्हर, दर वेळी थोडी मेमरी घ्यायचा आणि परत द्यायला विसरायचा. मेमरी संपली की मशीन ओरडत नसे, बंदही पडत नसे. शेवटचा आकडा धरून बसून राही. अलार्मही गप्प. पेशंटचं काहीही होवो, मशीनच्या मते सगळं उत्तम.

अजिंक्यने मालगुंडच्या घरी बसून गळतीची जागा शोधली आणि बुजवली. वर खात्रीसाठी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. गुरवाने 'स्टोरेज ड्रायव्हर' हा शब्द न अडखळता घेतला. मग रोज सकाळी टेबलावरची टेस्ट मशीन बघावी, तर आकडा खाली. त्याच्या शब्दावर नवा कोड रत्नागिरीतल्या एका दवाखान्याच्या वॉर्डात चढला. परवा त्याच वॉर्डात त्याचे आत्मारामकाका छातीत दुखतं म्हणून दाखल झाले. अजिंक्यला उलट बरं वाटलं. घरचीच मशीन.

"रोज सकाळी आकडा इतकाच?" समीक्षाने विचारलं.

"इतकाच."

"थोडा तरी चढायला हवा रे. इतकी कोरी मशीन मी एकदाच बघते. चालू केल्या केल्या." मग तिने विचारलं, "तुमच्याकडे लाईट जाते रात्रीची?"

"जाते की. कोणाकडे जात नाही?"

"मशीनला बॅटरी आहे ना पण?"

अजिंक्यने टेबलाखाली वाकून बघितलं. मशीनची बॅटरी राउटरला लावलेली होती. लाईट गेली तरी ऑफिसचा कॉल तुटू नये, म्हणून त्यानेच ती काढून तिथे जोडली होती. कॉल कधीच तुटला नव्हता. मशीन मात्र रोज रात्री मरत होती आणि लाईट आली की कोऱ्या मेमरीने उठत होती. गळती होती तशीच होती. आकडा चढायला सवडच मिळाली नव्हती.

"दवाखान्यात जनरेटर आहे," समीक्षा हळू आवाजात म्हणाली. "तिथल्या मशीन एकदाही बंद झालेल्या नाहीत. मी वॉर्डात फोन लावते, तू घरच्यांना लाव."

घाईत अजिंक्यचा नंबर दोनदा चुकला. शेवटी काकांपाशी दवाखान्यात बसलेल्या येसूकाकूने फोन उचलला.

"बोल रे बाबू."

"काकू, काका कसे आहेत?"

"झकास! ठोके बहात्तर. कालपासून एक इकडे नाय की तिकडे नाय. सिस्टरपण बोलली, असा पेशंट बघितला नाय."

"काकू, मशीनकडे बघू नको. काकांकडे बघ. त्यांना हलव जरा."

"त्यांना कुठून हलवू? ते काय इथे आहेत?"

"मग कुठे आहेत?"

"वायरी काढून संडासला गेलेत. झाला असेल तासभर. मलापण मगाशी जरा धाकधूक झाली, दार वाजवणार होते. पण मशीनवर बघितलं तर बहात्तरच. म्हटलं, बसू देत निवांत."