नटावरचा टाका

शिवरंजनी जेवून परत आली तेव्हा शेडमध्ये जळक्या ग्रीसचा वास भरला होता. विमानाच्या डाव्या चाकाशी तिचे वडील ईश्वरअप्पा वेल्डिंगचा होल्डर धरून उकिडवे बसले होते.

विमान छोटं, दोघांपुरतं. सेलूतल्या या बंद जिनिंगच्या शेडमध्ये तिनं तीन वर्षं खपून ते बांधलं होतं. रविवारी माळावर पहिल्यांदा पळवायचं, आत एकटी तीच बसणार. सकाळी तिनं एक्सलचे नट बेतानं आवळले होते, चाक बोटानं फिरेल इतकेच. नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार घालायच्या पिना तेवढ्या राहिल्या होत्या.

"नट ढिला होता, रंजू," अप्पा म्हणाले. "पान्याला पाइप लावून करकचून आवळला. वरून वेल्डिंगचा टाका मारला. आता सात जन्म निघायचा न्हाई."

तीस वर्षं त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडल्या होत्या. त्यांनी टाका मारलेलं चाक पाथरीच्या रस्त्यावर एकदाही निखळलं नव्हतं, आणि हे ते कुणी न विचारताही सांगत.

शिवरंजनीनं चाक फिरवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. बेअरिंग जळलं होतं, एक्सल कामातून गेला होता. नवा यायला दोन महिने लागणार. तिला रडू आलं, रागही आला. पण आधी तिनं ग्राइंडर उचलला.

"काय करायलीस?"

"टाका कापायले."

"अगं, चाक निखळलं तर? ट्रॉली नुसती खाली बसती. तुझं काय होईल?" अप्पांना इतकं घाबरलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"अप्पा, हे चाक मला सारखं खोलून बघावं लागतंय. जे खोलताच येत न्हाई, त्याच्यावर भरवसा कसा ठेवू?" तिनं खिशातली पिन त्यांच्या तळहातावर ठेवली. बाभळीच्या काट्याएवढी होती. "नट हिच्यावर थांबतो."

"एवढ्यावर?"

"एवढ्यावरच. रविवार गेला, जाऊ द्या. दोन महिन्यांनी पुन्हा बसवीन. तवा पिन तुमीच घाला."

अप्पांनी पिन वरच्या खिशात ठेवली आणि तिच्या हातातला ग्राइंडर काढून घेतला.

"आण इकडं," ते खाली मान घालून म्हणाले. "पलीकडच्या चाकालाबी मारलाय."