छातीतलं मडकं

"मडकं?" उमेनोबाईंनी हातातलं हृदयाचं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "अंगणात एवढा ढीग पडलाय, तो पुरला नाही म्हणून म्हाताऱ्यानं छातीतही ठेवलं?"

डॉक्टर कुराहाशी ओशाळले. ऑक्टोपस धरणाऱ्यांच्या बेटावर या दुखण्याचं नाव घ्यायचं म्हणजे पंचाईतच. ताकोत्सुबो, म्हणजे ऑक्टोपस धरायचं मडकं. उमेनोबाईंच्या नवऱ्याच्या, तात्सुझोंच्या हाताची जखम चिघळून विष रक्तात भिनलं होतं, आणि त्या धक्क्यानं हृदयाचा खालचा भाग फुगून लुळा पडला होता. तोंड अरुंद, पोट गोल. हुबेहूब.

"शिरा तुंबलेल्या नाहीत," डॉक्टर म्हणाले. "शरीराला किंवा मनाला फार मोठा हादरा बसला की होतं असं. यातून तगले तर हृदय आपोआप पूर्ववत होईल."

"आपोआप?" सुनेनं, नात्सुमेनं विचारलं.

"आपोआप."

तिला ते पटेना. पाठीवरची तान्ही जरा गप्प झाली तरी नाकाशी बोट धरून पाहणारी ती. बाळाला आत न्यायची परवानगी नव्हती. ती काचेबाहेर उभी राहून यंत्रावरच्या हिरव्या रेघेवर पहारा देत राहिली.

आत उमेनोबाई रोज एकच करायच्या. नवऱ्याच्या छातीपुढे दोन्ही हात पसरून काहीतरी पुटपुटायच्या.

"आई, काय बोलता हो बाबांशी?"

"काय बोलणार? बोटीवर बोलते तेच. हे दोर ओढणार, मडकं वर आलं की मी हात पुढे करणार. द्या इकडे! आता एवढं जड घेऊन एकटेच बसलेत."

"मग देतात का?"

"कसले देतात! मडक्यातला ऑक्टोपस बरा, इतका हट्टी माणूस." त्या हसल्या आणि बाकावर टेकल्या. डबा त्यांनी सुनेकडे सरकवला. "तू खा. पाजती आई आहेस."

जिना चढताना त्यांनी पिशवीही तिच्याकडेच दिली. नात्सुमेनं ती घेतली आणि घाईघाईनं काचेपाशी गेली. रेघ चालू होती.

मग एका सकाळी तात्सुझोंच्या घशातली नळी निघाली. डॉक्टरांनी नात्सुमेला आपल्या खोलीत बोलावून यंत्राचा पडदा दाखवला. परवापर्यंत जिथे लुळं मडकं होतं, तिथे एक मूठ मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती. कुणी टाका घातला नव्हता, कुणी हात लावला नव्हता. नात्सुमेचे हात आपसूक जुळले. तान्हीसुद्धा टक लावून पाहत होती.

"आईंना सांगते," ती धावत बाहेर आली. बाक रिकामा होता.

"आजी आत जरा आडव्या झाल्यात," नर्स म्हणाली.

"झोपू दे. किती दिवसांनी पाठ टेकली त्यांनी."

बाळाला पाजून होतंय तोच डॉक्टर कुराहाशी आले. हातात नवं चित्र होतं. नात्सुमेनं ते पाहिलं. तोंड अरुंद, पोट गोल.

"अहो, हे तर पुन्हा मडकंच! मघाशी तुम्हीच म्हणालात, ते बरे झाले!"

"ते बरेच आहेत," डॉक्टर हळूच म्हणाले. "हे तुमच्या सासूबाईंचं आहे."