ग्विन घोरत होता तो रविवार

मंडळी, जवळ सरका, गोष्ट सांगतो. वेल्समधल्या आमच्या चॅपलचे, म्हणजे छोट्या चर्चचे, पाद्री इदवाल प्रवचन सांगता सांगता गाऊ लागत. ते गेल्यावर लेक नेस्ताने त्यांची हजारो ध्वनिमुद्रणं संगणकात विषयवार लावली. तिने आईला विचारलं, "क्षमेवरचं, श्रद्धेवरचं, मरणावरचं... कुठलं प्रवचन ऐकतेस?" "तुझ्या बाबांचा आवाज फाटला आणि पुढची ओळ सगळ्यांनी उचलली, ते." "अगं, विषय सांग!" "विषय कुणाला आठवतोय? माझ्याही तोंडून आता गाणं फुटत नाही, म्हणून तेच प्रवचन हवंय." रविवारी चॅपलमधल्या चहाला नेस्ताने सगळ्यांना विचारलं, बाबांचा आवाज फाटला तो दिवस कुठला. म्हातारा ग्विन हसला, "मेंढरांची लोकर कातरून दमलेले आम्ही घोरत होतो, तो रविवार! गाणं थांबलं तेव्हा जागे झालो आणि पुढची ओळ उचलली." त्याने तीच ओळ धरली. कप खाली ठेवून सगळे गाऊ लागले, आईसुद्धा. नेस्ताने विषय पुसले. माणसांना विचारून प्रत्येक ध्वनिमुद्रणाला नाव दिलं; त्या प्रवचनाचं नाव 'ग्विन घोरत होता तो रविवार'. गाताना अडलात, तर आमच्या इदवालांना आठवा.