मागून आलेली ओळ

अँडीजमधल्या आमच्या खिंडीत धुकं उतरलं की चढणारी माणसं भजन धरतात. पुढच्यानं ओळ म्हणायची, सगळ्यांत मागच्यानं ती परत म्हणायची, म्हणजे कुणी हरवत नाही. डोंगरदेवाच्या यात्रेला बाबांची ही शेवटचीच खेप. छाती आता साथ देत नव्हती. तरी ते हट्टानं मागे राहिले होते, म्हणून दर ओळीला माझा जीव कानात यायचा.

“हिमाच्या धन्या, लेकरांना वर घे,” मी गायले.

“लेकरांना वर घे,” खालून बाबांचा आवाज आला.

“सासरेबुवांना आज सूर सापडलाय गं,” माझा नवरा इलारिओ हसला. “दम लागू नये म्हणून कोकाची पानं जरा जास्तच चघळली वाटतं!”

“गप चढा की!” म्हणताना मलाही हसू आलं.

माथ्यावर दगडांची रास दिसली. तिला टेकून बाबा बसले होते. ओठ निळे, खांद्यांवर बर्फ साचलेला.

“बाबा, तुम्ही पुढं कसे?”

“दम लागला, तर खेचरवाल्यानं आडवाटेनं आणून सोडलं. कधीचा हाका मारतोय, ग्रेगोरिया! मागं साथीला कुणाला घेतलंत?”

इलारिओनं माझा दंड घट्ट धरला. आमच्यामागे कुणीच नव्हतं.

बाबांनी मला खाली ओढून माझ्या तोंडावर हात ठेवला. “आता गाऊ नकोस, पोरी.”



धुक्यात, अगदी जवळ, भजनाची पुढची ओळ सुरू झाली. आवाज माझा होता.