पहिला संवाद

अकरा वर्षं मुंबईत धडपडल्यावर समाधानला मालिकेत पहिल्यांदा बोलायचं काम मिळालं. तो भाग आईसोबत पाहायला तो मुद्दाम पारोळ्याला आला. काचबिंदूनं दृष्टी गेलेली त्याची आई द्रौपदाबाई टीव्हीकडे कान लावून बसली. पडद्यावर समाधान आईच्या प्रेताजवळ हंबरडा फोडत होता. पण आवाज त्याचा नव्हता. त्याची बोली गावठी वाटली म्हणून त्याला न विचारताच दुसऱ्याचा आवाज घातला होता.

भाग संपला तशी आई म्हणाली, “तू कव्हय बोलशी रे?”

समाधाननं टीव्ही बंद केला. “मन्हं काम कापी टाकं, माय.”

“जाऊ दे. पन तो मायकरता रडना ना, त्याना आवाज ऐकीसन मन्हं काळीज हालनं. तुले आसं कव्हय जमी रे?”