थापेतला खरा खिळा

“कुणाला सांगितलं तर पटायचं नाही, बाबा, पण पेपरातले निम्मे प्रश्न मला बघून ओळखीचं हसले.”

मिस्त्रींनी डोळे किलकिले केले. दिवसभर ते ग्लानीत होते. आजचा दिवस अवघड आहे, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. आत्ता दिवे लागायच्या सुमाराला ते पहिल्यांदा बोलले, तेही एवढंच: “गेली होतीस ना परीक्षेला?”

मुलगी खाटेला गुडघे टेकवून स्टुलावर बसली होती. दोन खाटांच्या मधे जागाच तेवढी.

पदवीनंतरच्या प्रवेशपरीक्षेची तिची ही तिसरी खेप, आणि वयाच्या अटीत बसणारी शेवटची. क्लासच्या सरांचं एकच सांगणं: रोज डोळे मिटा आणि पेपर उत्तम गेलेला बघा. बाकीची मुलं हसायची. मिस्त्रींना मात्र हे भारी आवडलं. ते सुतारकामापेक्षा थापांसाठीच जास्त प्रसिद्ध. आपण केलेलं कपाट पुरात तीन गावं वाहत गेलं आणि आतली साखर कोरडी निघाली, हे ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून सांगत. त्यांनी लेकीच्या खोलीवर पुढच्या पदवीसकट नावाची पाटी कोरून लावलीसुद्धा. “आता नुसती परीक्षा द्यायची राहिलीय,” म्हणाले. काल धाप लागलेली असताना त्यांनी तिचा हात धरून वदवून घेतलं होतं, की माझं काही होवो, उद्या तू जायचंस.

“पर्यवेक्षक एवढा घोरत होता,” ती सांगत गेली, “की पेपर उडू नयेत म्हणून आम्ही वर कंपासपेट्या ठेवल्या. शेवटच्या उत्तराला तर घंटासुद्धा माझ्यासाठी थांबली.”

तिला आठवावं लागत नव्हतं. तो हॉल तिने वर्षभर रोज पाहिला होता.

सलाइनची बाटली बदलणाऱ्या नर्सबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

मिस्त्रींच्या ओठांची कड जराशी वर गेली. तेवढ्याने तिला धीर आला. थाप कितीही मोठी असू दे, त्यात एक खरा खिळा ठोकायचा, म्हणजे ती निखळत नाही. हे त्यांनीच शिकवलेलं. तिने खिळा ठोकला.

“बाक तेवढा वाईट होता. विचार करायला लागले की माझा पाय हलतो ना, ज्यावरून तुम्ही ओरडता. पाय हलला की सगळा बाक कुरकुरायचा. पुढची मुलगी वळून वळून वैतागली.”

मिस्त्रींची वर गेलेली ओठांची कड हळूहळू खाली आली. मग त्यांचा हात चाचपडत खाटेच्या कडेवर गेला आणि एखादा सैल सांधा तपासावा तसा तिथे थांबला. खाटेची कड थरथरत होती. मुलीने घाईने गुडघा दाबून धरला. थरथर थांबली.

“बाक नव्हे, पोरी,” ते म्हणाले. “ही खाट कुरकुरत होती. सकाळपासून.”