उकळलेलं पाणी

चंदनाच्या हातात तांब्या होता, आणि त्यातलं पाणी उकळलेलं की नुसतं गाळलेलं, हे तिला आठवत नव्हतं.

समोर पाटावर महाराज उभे होते. दिगंबर मुनी. दिवसातून एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत घेतील तेवढंच अन्न आणि तेवढंच पाणी, तेही उकळलेलंच. शुद्धतेची शंका आली की ओंजळ सोडायची आणि चालू लागायचं, ते थेट दुसऱ्या दिवशी. काल शेजारच्या दीपाकडं पहिल्याच घासाला केस निघाला होता. एप्रिलचं ऊन, आणि परवापासून महाराजांच्या पोटात पाण्याचा थेंब नाही.

चौक्यात, म्हणजे आहारासाठी सोवळ्यात ठेवलेल्या त्या स्वयंपाकघरात, चौदा माणसं आणि सात तांबे दाटले होते. गल्लीतल्या सगळ्यांना पुण्य पाहिजे होतं.

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी चंदनाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही, असं सांगितल्यापासून तिनं संसार कागदावर आणला होता. फ्रिजवर यादी, मोबाईलवर अकरा गजर, सकाळी एक गोळी. पण चौक्यात कागद चालत नाही, मोबाईल चालत नाही, आणि महाराजांचा आहार होईपर्यंत वाढणाऱ्याच्या तोंडात काही जात नाही, तिथं गोळी कुठली! पहाटे ती आत आली ती निव्वळ स्वतःच्या डोक्यानिशी. त्या डोक्याचा भरवसा घरात कुणालाच नव्हता, आणि तिला सगळ्यांत कमी.

बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, विहिरीचं पाणी गाळलं, हे पक्कं. दोन सारखी पातेली भरली, एक उकळायला आणि एक विसळायला, हेही पक्कं. मग दूध उतू गेलं. मग नवऱ्यानं, ऋषभनं, दारातून "नारळ कुठाय?" विचारलं. मग डाळिंब सोलायला घेतलं ते निम्मंच सोललं. मधेच कधीतरी गॅस बंद झाला. कुणी केला? उकळी आली होती का? आणि तांब्यात ओतलं ते कुठल्या पातेल्यातलं?

तिनं तांब्या चाचपला. कोमट. एप्रिलमध्ये काय कोमट नसतं?

"मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारजल शुद्ध आहे, महाराज." एकेक जण म्हणत होता. सासूबाईंनी, अंबूबाईंनी, सगळ्यांच्या आधी म्हटलं. सासऱ्यांनी, तात्यासोंनी, एका दमात उरकलं, न वाचता सही ठोकावी तसं. दीपानं कालच्या केसाची भरपाई म्हणून आवाज जरा चढवला.

"चंदे, म्हण की," अंबूबाई कानाशी फुसफुसल्या. "जीभबी इसरून आलीस व्हय?"

"मन शुद्ध," चंदना म्हणाली. "वचन..."

ती अडली. महाराजांचे ओठ फुटून पांढरे पडले होते. पुढचे चार शब्द म्हटले की ते पाणी पितील, आणि कुणालाही कधीच कळणार नाही. नाही म्हटले तर आणखी एक दिवस कोरडा, आणि तो तिच्यामुळं.

"पाणी उकळलंय का, मला आठवत नाही, महाराज."

"आठवत न्हाय म्हंजे?" तात्यासो कडाडले.

"म्हंजे आठवत न्हाय, मामा."

आहाराच्या वेळी महाराजांचं मौनच असतं. ओंजळ किंचित हलली. ओंजळ सुटली नाही.

"दीपा, तुझा तांब्या आण, तुझा!" अंबूबाईंनी घाई केली.

दीपा लगबगीनं पुढं झाली. "आहारजल..." म्हणाली आणि थांबली. मघाशी खणखणीत म्हटलेलंच वाक्य, पण आता तिची नजर तांब्यात गेली. "ह्यो आमच्या आत्तींनी भरलाय. मी... मी बघिटलं न्हाय." तिच्यामागून गल्लीतल्याच राजनंदिनीनं तांब्या पुढं केला होता, तो हळूच मागं घेतला. तिच्या शेजारणीनं आपला पदराआड धरला. सात तांबे भरलेले, आणि पुढं यायला कुणी तयार नाही.

अंबूबाईंनी रिकामं पातेलं घासलं, पाणी गाळून ओतलं आणि गॅस पेटवला. चंदनाच्या दंडाला धरून तिला ओट्यापुढं उभं केलं.

"उकळी फुटंपर्यंत हितनं डोळा हलवायचा न्हाय."

"आणि हलला तर, आई?"

मागं पाटावर ओंजळ तशीच होती. अंबूबाईंनी एकदा तिकडं बघितलं, पदर खोचला आणि सुनेला खेटून पातेल्यावर डोळे लावले.

"म्हणून तर मीबी थांबतो की," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मगाशी शुद्ध म्हटलं खरं, पर माझंबी काय सांगता येत न्हाय."